फोर्ड मॉडेल ए, १९२९ : चासीचा झोल, पीळ आणि इंजिनाचं फाउंडेशन – मोजणीच्या नोंदी

गाडी फेटन (दुमडत्या टपाची उघडी गाडी), उजव्या हाताची. १९२६ साली फोर्डची भारतातली कंपनी सुरू झाली आणि कॅनडातून आलेले सुटे भाग जोडून इथे गाड्या विकल्या जाऊ लागल्या, त्या काळातली. काम कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये. या गाड्या सांभाळणारे लोक महाराष्ट्रात बरेच आहेत आणि सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून आकडे जसे आले तसे लिहून ठेवतो आहे. ज्याला उपयोग होईल त्याने घ्यावेत.

८ नोव्हेंबर

तक्रारी तीन. क्लच सोडताना गाडी दणके मारते, पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये जास्त. खराब रस्त्यावर मागचा उजवा दरवाजा आपोआप उघडतो. आणि फ्लायव्हील हाउसिंगचा (इंजिनामागच्या बिडाच्या कवचाचा) उजवा कान, म्हणजे चासीला आवळला जाणारा बाहेर आलेला भाग, दोनदा तुटून वेल्डिंग झालेला आहे.

गाडीचे मालक आबा वयाने पंचाहत्तरीच्या पुढचे, गाडी त्यांच्या वडिलांची. आधीच्या एका गॅरेजमध्ये मूळ लोखंडी फाउंडेशन (इंजिन चासीवर ज्या टेकूंवर बसतं ते) काढून एका नव्या गाडीचे रबर बसवले गेले. दणके वाढले. मग सल्ला मिळाला की चासी मऊ पडली आहे, आतून पट्ट्या वेल्ड करून दोन्ही चॅनेल पेटीसारखे बंद करा. त्या कामाचा अंदाज घेऊनच आबा आमच्याकडे आले. मी त्यांना म्हटलं, “आबा, आधी मोजू. वेल्डिंग एकदा झालं की परत फिरता येत नाही.”

आमच्या शेडमधल्या मिस्त्रींचंही तेच मत. मॉडेल एच्या चासीत दोन लांब चॅनेल (एका बाजूने उघडे, पन्हाळीसारखे दांडे) आणि त्यांना जोडणारे तीन आडवे क्रॉस मेंबर, सगळं रिव्हेटने जोडलेलं. उघडा चॅनेल पिळायला मऊ असतो. त्या काळी रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या, आणि चासीने थोडं पिळलं जाणं गृहीतच धरलेलं होतं. प्रश्न एवढाच की आत्ता किती पिळली जाते आणि सुटल्यावर परत येते का.

१३ नोव्हेंबर

बॉडी सोडवण्याआधी एक सोपी चाचणी केली. ही कुणालाही घरच्या अंगणात करता येईल. गाडी सपाट फरशीवर उभी केली, चारही दरवाज्यांच्या फटी वरून, मधून आणि खालून मोजल्या. मग पुढचं डावं चाक १५० मिमी उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर चढवलं आणि परत मोजल्या. मागच्या उजव्या दरवाज्याची वरची फट ५ मिमीने उघडली. डावीकडची दीड मिमी. ठोकळा काढल्यावर डावी बाजू जागेवर आली, उजवी पूर्ण आली नाही, एक मिमी उघडीच राहिली.

नुसती मऊ चासी असती तर दोन्ही बाजूंना साधारण सारखंच घडलं असतं आणि फट परत मिटली असती. परत न येणं म्हणजे कुठेतरी जोड सरकतो आहे.

२१ नोव्हेंबर

बॉडी उतरवली, इंजिन-गिअरबॉक्स काढले, दोन्ही ॲक्सल काढले. चासी उघडी. आधी झोल मोजायचा, म्हणजे चासी मध्ये किती खाली लवली आहे ते.

चासी पुढच्या आणि मागच्या क्रॉस मेंबरखाली घोड्यांवर ठेवली. प्रत्येक चॅनेलच्या वरच्या कडेला दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे ठेवून त्यांच्यावरून ०.४ मिमीची स्टीलची तार ओढली, टोकाला १० किलो वजन टांगलं. सुतळी किंवा नायलॉनचा दोरा वापरू नका, तो स्वतःच लवतो. या तारेचा स्वतःचा झोल मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही नाही.

उजवा चॅनेल फ्लायव्हील हाउसिंगच्या कंसाजवळ ६ मिमी खाली. डावा साडेतीन मिमी. सगळा झोल तिथेच, कारण इंजिनाचं वजन तिथेच येतं.

आकडे दुपारी पुन्हा घेतले तर ०.४ मिमीचा फरक. वजन तेच, तार तीच. शेडचं पत्र्याचं छप्पर तापलं की चॅनेलची वरची कड खालच्या कडेपेक्षा गरम होते आणि मधला भाग वर उचलला जातो. वरखाली दहा अंशांचा फरक पडला तर एवढ्या लांबीच्या चॅनेलमध्ये एक मिमीपर्यंत फरक येऊ शकतो. यापुढे सगळी मोजणी सकाळी दहाच्या आत करायची असं ठरवलं. उन्हातली चासी मोजून कुणी झोल ठरवत असेल तर तो आकडा सोडून द्यावा.

२८ नोव्हेंबर

पीळ मोजण्याची मांडणी. मागचा क्रॉस मेंबर गर्डरला क्लॅम्प केला. पुढचा क्रॉस मेंबर मधोमध एका गोल सळईवर टेकवला, म्हणजे पुढची बाजू फिरायला मोकळी. पुढे चासीला आडवा चौकोनी पाइप बोल्ट केला आणि मध्यापासून बरोबर एक मीटरवर वजनं टांगली. व्यायामशाळेच्या थाळ्या आणल्या, त्याही काट्यावर तोलून, कारण ५ किलो लिहिलेली थाळी ४.७ भरली.

कोन मोजायला दोन लेझर पॉइंटर, प्रत्येकी अडीचशे रुपयांचे. चासीच्या लांबीला काटकोनात, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसवले, भिंत ५ मीटरवर. एक अंश पीळ म्हणजे भिंतीवर ठिपका ८७ मिमी सरकतो. फूटपट्टीने वाचता येतो.

पहिल्यांदा एकच लेझर पुढे लावला होता. २० किलोला ठिपका २६८ मिमी सरकला, म्हणजे तीन अंशांच्या वर. हा आकडा खरा वाटेना. दुसरा लेझर मागे, क्लॅम्प केलेल्या टोकावर लावला तर तोही ४० मिमी सरकत होता. घोडीचे पाय फरशीवर दबत होते आणि मागचं टोक ‘पक्कं’ नव्हतंच. खरा पीळ म्हणजे दोन ठिपक्यांच्या हालचालीतला फरक, २२८ मिमी, २.६ अंश. घोडी कितीही भक्कम केली तरी दुसरा लेझर हवाच.

२० किलो एक मीटरवर म्हणजे १९६ न्यूटन-मीटर. भागाकार केला तर उघड्या चासीची ताकद अंशाला ७५ न्यूटन-मीटर. माणूस हाताने पिळू शकेल एवढीच. ज्यांना हे ऐकून धक्का बसतो त्यांना सांगतो, उघड्या चॅनेलच्या चासीत हे दुखणं नव्हे. खरं दुखणं पुढच्या आकड्यात आहे. वजन काढल्यावर ठिपका मूळ खुणेवर आला नाही, १४ मिमी अलीकडे थांबला. उलट्या बाजूला वजन टांगून काढलं तर तेवढाच पलीकडे थांबला.

२ डिसेंबर

सरकणारा जोड शोधायचा. आधी रंग आणि गंज साफ केला, तारेच्या ब्रशने, ग्राइंडर न लावता. मग प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याभोवती पातळ रॉकेल सोडलं, वरून खडूची पूड. मिस्त्रींनी आडव्या पाइपला लोंबकळून चासी हळूहळू डोलवली आणि मी बॅटरी घेऊन रिव्हेट बघत गेलो.

मधल्या क्रॉस मेंबरच्या उजव्या टोकाला रॉकेलचे बुडबुडे येत होते आणि पूड तपकिरी होत होती. रिव्हेटचं डोकं वरून अगदी गच्च दिसतं, हातोडीने वाजवलं तर आवाजही जवळपास ठीक येतो. पण भोकात दांडा झिजलेला. डाव्या बाजूलाही एक होता. त्याच उजव्या कोपऱ्यात चॅनेलच्या खालच्या कडेला केसाएवढी चीर सापडली, नखभर लांब. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून तिला थांबवलं, मग कड घासून वेल्ड केली. बाकी कुठेही वेल्डिंग केलं नाही.

१० डिसेंबर

रिव्हेटमध्ये आठवडा गेला. ट्रकच्या चासीचं काम करणारे लोक यंत्राने थंड रिव्हेट मारतात, पण त्यांचं तोंड आमच्या क्रॉस मेंबरच्या आत जाईना. शेवटी एका जुन्या कारागिराने भट्टी पेटवून हाताने गरम रिव्हेट मारले, ५,५०० रुपये घेतले आणि काम बघण्यासारखं केलं. लाल रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. ज्यांना असा माणूस मिळणार नाही त्यांनी भोकं रीमरने सारखी करून घट्ट बसणारे बोल्ट वापरावेत. साध्या मोकळ्या भोकातला बोल्ट मात्र रिव्हेटची जागा घेऊ शकत नाही. आवळला तरी पिळात सरकतोच.

पुन्हा पीळ मोजला. २० किलोला २०९ मिमी, २.४ अंश. अंशाला ७५ वरून ८२ न्यूटन-मीटर. वाढ छोटी आहे. पण वजन काढल्यावर ठिपका मूळ खुणेपासून २ मिमीवर आला, आधी १४ होता. ज्या चासीला ‘मऊ पडली’ म्हणून वेल्डिंग सुचवलं होतं, तिचे काही रिव्हेट सैल होते, एवढंच.

लेझर प्रत्येक क्रॉस मेंबरवर लावून पीळ कुठे होतो तेही पाहिलं. पुढच्या भागात थोडा, फ्लायव्हील हाउसिंगच्या मागे सगळ्यात जास्त. दरवाजे तिथेच आहेत.

पेटी करण्याबद्दल एकदाच लिहून मोकळा होतो. या मापाचा उघडा चॅनेल पट्टीने बंद केला तर त्या एका चॅनेलचा पिळाला होणारा विरोध हिशेबाने चारशे पटींच्या आसपास वाढतो. मग पीळ जायचा कुठे? क्रॉस मेंबरच्या रिव्हेटवर आणि बिडाच्या हाउसिंगवर. शिवाय या गाडीला पुढे आणि मागे दोन्हीकडे आडवे पाटे आहेत, मधोमध क्रॉस मेंबरला धरलेले. एक चाक वर चढलं की बराचसा कल पाटेच घेतात. १५० मिमीच्या ठोकळ्यावर चाकाची बाजू सहा अंश कलली होती. चासीला त्यातला थोडाच भाग सोसावा लागतो. शर्यतीची गाडी करायची असेल तर गोष्ट वेगळी.

१९ डिसेंबर

झोल काढण्याआधी एक मोजणी करायची होती, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली तीच सर्वात महत्त्वाची. रिकामा ब्लॉक आणि फ्लायव्हील हाउसिंग जोडून चासीत उतरवले. मूळ पद्धतीचे लोखंडी कंस बसवले. पुढे इंजिन क्रॉस मेंबरच्या मधोमध एका योकवर स्प्रिंगने टेकतं, मागे हाउसिंगचे दोन कान दोन बाजूंच्या कंसांना आवळले जातात. म्हणजे तीन टेकू. मॉडेल टीपासून फोर्डची हीच रीत. पुढे एकच टेकू असल्याने चासी पिळली तरी इंजिन पुढे पिळलं जात नाही.

डावा कान आवळला, उजवा मोकळा ठेवला आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातला. कान आणि कंस यांच्यात २.४ मिमी फट. चासी सरळ उभी, कसलाही पीळ नाही.

मग दोन्ही बोल्ट सैल ठेवून चासीला २० किलोचा पीळ दिला आणि फट किती वाढते ते पाहिलं. ०.७ मिमी.

म्हणजे तेवढ्या पिळाने कानाला जेवढं ओढलं जातं त्याच्या तिपटीहून जास्त ओढ झोलामुळे, गाडी शेडमध्ये उभी असतानाच, बोल्ट आवळताक्षणी येते. बीड वाकत नाही, ते तुटतं. कान दोनदा तुटला तो रस्त्यामुळे नाही. दोन्ही वेळा कान वेल्ड झाला आणि त्याच वाकड्या चासीवर परत आवळला गेला.

ज्यांच्या हाउसिंगचा कान तुटला आहे त्यांनी नवा कान घडवण्याआधी ही फट मोजावी. वीस मिनिटांचं काम आहे.

२७ डिसेंबर

झोल सरळ केला. भंगारातून आणलेला गर्डर चासीखाली, दोन्ही टोकांना साखळ्या, मध्ये दहा टनी बॉटल जॅक. जॅक आणि चॅनेलच्या मध्ये लाकडाचा ठोकळा, आणि चॅनेलच्या आत नेमका बसणारा दुसरा ठोकळा, नाहीतर खालची कड चिमटते. गरम केलं नाही. शेजारी नवे रिव्हेट होते, आणि शंभर वर्षांजवळच्या या पोलादाला आच दिल्यावर ते कसं वागेल याची खात्री मला नव्हती.

चॅनेल स्प्रिंगसारखा परत येतो, म्हणून पुढे जाऊन यावं लागतं. १२ मिमीपर्यंत वर ढकलून सोडलं तर काहीच फरक नाही, पूर्ण परत. १५ला एक मिमी राहिला. उजवीकडे सुमारे २० मिमी वर नेल्यावर हवा तेवढा बाक बसला. एका वेळी एकच मिमी वाढवायचा, सोडायचं, तार बघायची. दोन्ही बाजू आळीपाळीने. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजलं तर ०.३ मिमी खाली आलं होतं, ते परत काढलं.

शेवटी चासी मुद्दाम मध्ये एक मिमी वर ठेवली. गिअरबॉक्ससकट इंजिन सव्वादोनशे किलोच्या आसपास आहे, ते ठेवलं की तेवढं खाली येणार असा हिशेब होता. ठेवल्यावर ०.९ आलं.

कानाखालची फट आता ०.३ मिमी. पाव मिमीचा शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, घातला. हाउसिंग ब्लॉकवर सरळ आहे का तेही याच वेळी बघा. फ्लायव्हीलवर डायल (बारीक हालचाल दाखवणारं मापक) लावून एक फेरी फिरवली, हाउसिंगच्या तोंडावर ०.१५ मिमीच्या आत पाहिजे. आमचं ०.३ होतं, वरच्या बाजूला पातळ शिम टाकून ०.१वर आणलं. हे चुकलं तर गिअरबॉक्सचा शाफ्ट तिरका चालतो आणि क्लच कधीच नीट लागत नाही.

६ जानेवारी

आता फाउंडेशन. आधी हे समजून घ्यावं लागतं की या गाडीत इंजिन काय काय सोसतं. मागच्या ॲक्सलचा रेटा पाट्यांतून चासीला जात नाही. तो टॉर्क ट्यूबमधून (मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टभोवतीच्या नळीतून) पुढे येतो, गिअरबॉक्समागच्या गोळ्यावर, तिथून इंजिनात, आणि इंजिनाच्या मागच्या फाउंडेशनमधून चासीत. गाडी पुढे जाते ती या दोन कानांवर ढकलली जाऊन. पुढच्या ॲक्सलचा व्हीसारखा दांडाही हाउसिंगच्याच खाली टेकतो, म्हणजे ब्रेक मारल्यावरची ओढ पुन्हा तिथेच. आणि क्लच-ब्रेकचे पेडल इंजिनालाच जोडलेल्या क्लचच्या हाउसिंगवर बसलेले.

इंजिनाचा टॉर्क १७४ न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.१२, मागचा डिफरन्शियल ३.७८. चाकाच्या त्रिज्येने भागलं तर पहिल्यात पूर्ण जोर लावला असता साडेपाचशे किलोच्या आसपास रेटा येतो.

चाचणीसाठी मागच्या गोळ्याच्या जागी हुक, चेन कप्पी, मध्ये टांगता काटा, आणि इंजिनावर डायल. ३०० किलोपर्यंत पुढच्या दिशेने ओढलं.

लोखंडी कंस : ०.२ मिमी.
आधीच्या गॅरेजने बसवलेले रबर : ७ मिमी, आणि सोडल्यावर हळूहळू परत.

क्लचचे दणके इथे उलगडले. क्लच धरू लागला की टॉर्क ट्यूब इंजिनाला पुढे ढकलते, इंजिनाबरोबर पेडल पुढे जातं, पाय मात्र जागेवरच. म्हणजे पेडल पायाखालून थोडं निसटतं आणि क्लच आणखी धरतो. गाडी उडी मारते, रेटा कमी होतो, इंजिन मागे येतं, पेडल पायावर दाबलं जातं, क्लच सुटतो. पुन्हा तेच. क्लच प्लेट बदलून हे जाणार नव्हतं, आणि ती आधी बदलून झालीच होती.

मॉडेल ए मऊ रबरावर ठेवू नका असं म्हटलं की लोक प्लिमथचं उदाहरण देतात. क्रायस्लरने १९३१च्या प्लिमथमध्ये इंजिन रबरावर तरंगतं ठेवलं, पुढचा टेकू उंच, मागचा खाली, आणि चार सिलिंडरची थरथर प्रवाशांपर्यंत येऊ दिली नाही. काम उत्तमच होतं. पण त्या गाडीत मागचा रेटा पाट्यांतून सरळ चासीला जातो, इंजिनाला फक्त स्वतःचा टॉर्क सांभाळायचा असतो. आपल्या गाडीत तसं नाही.

१४ जानेवारी

माझ्या मते चासी सरळ झाल्यावर लोखंडी कंसांवरच गाडी चालवावी. आबांना तेच सांगितलं. त्यांचं म्हणणं, “मला पन्नास किलोमीटर बसायचं असतं रे, गुडघ्याला थरथर सोसत नाही.” मग रबर करायचं, पण मोजून.

पहिला नमुना : कानाच्या खाली आणि वर सपाट रबराच्या चकत्या, मधून बोल्ट. ६० शोअर कडकपणाचं रबर, साचा स्थानिक कारखान्यात. साच्यासाठी तीन आठवड्यांचा वायदा होता, पाच लागले, तोवर दुसरं काम केलं.

२० फेब्रुवारी

नमुना बसवला. इंजिनाच्या वजनाने १.१ मिमी दबला. रेट्याच्या दिशेला ३०० किलोला ४ मिमी. आणि इंजिन चालू केल्यावर मंद चालीत लोखंडी कंसांपेक्षा जास्त थरथर! आरसा दिसेनासा झाला.

कारण आकड्यात आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ५०० फेऱ्यांवर सेकंदाला सोळा-सतरा ठोके देतं. १.१ मिमी दबणारं रबर इंजिनाला सेकंदाला सुमारे पंधरा वेळा वरखाली डोलायला लावतं, आणि हलत्या भाराखाली रबर थोडं कडक होतं म्हणून प्रत्यक्षात सोळा-सतराच. दोन्ही नेमके जुळले. थरथर अडवायची असेल तर फाउंडेशन उभ्या दिशेला आणखी मऊ पाहिजे, दोन मिमी तरी दबणारं. आणि रेट्याच्या दिशेला याहून कितीतरी कडक. सपाट चकतीत बरोबर उलटं होतं, कारण रबर दाबाला कडक आणि सरकण्याला मऊ असतं.

मिस्त्रींनी चकती हातात घेऊन उभी धरली आणि म्हणाले, “अशी लावू की.” तेच उत्तर होतं.

१२ मार्च

दुसरा नमुना. कानाच्या पुढे आणि मागे उभ्या रबराच्या लाद्या, दोन्हीकडे पोलादी पत्र्याला चिकटवलेल्या. गाडीचा रेटा आला की लादी दाबली जाते, इंजिन वरखाली झालं की लादी सरकते. मधून नळीत घातलेला बोल्ट, खाली मोठा वॉशर, म्हणजे रबर फाटलं तरी इंजिन खाली पडणार नाही आणि पुढेमागेही ३ मिमीच्या पलीकडे जाणार नाही. हा वॉशर कुणी गाळू नये.

आकडे : वजनाने दबणं २.१ मिमी. ३०० किलोच्या रेट्याला १.२ मिमी. एक मीटरच्या दांड्यावर ५० किलो टांगून इंजिन आडवं फिरवलं तर १.६ अंश. आधीच्या गॅरेजच्या रबरावर ३.४ होतं आणि पंखा रेडिएटरच्या फार जवळ जात होता. लोखंडावर जेमतेम ०.१५.

रबर नायट्राइल घेतलं. या इंजिनाच्या मागच्या बेअरिंगमधून थोडं तेल झिरपतंच, साधं रबर त्यात फुगून लिबलिबीत होतं. वरून पत्र्याचं छोटं छत्रही केलं.

पुढच्या योकची स्प्रिंग फार आवळू नका. आम्ही सवयीने गच्च केली तेव्हा पीळ दिल्यावर योक क्रॉस मेंबरवर घासत होता. अर्धा आटा सैल केल्यावर मोकळा झाला.

१५ मार्च

स्टार्टर फिरेना. फिरला तर जेमतेम, आणि थ्रॉटलचा दांडा हाताला गरम लागला. रबराने इंजिन चासीपासून विजेच्या दृष्टीने तोडलं होतं. ही सहा व्होल्टची गाडी, बॅटरीचं धन टोक चासीला, आणि स्टार्टरचा सगळा प्रवाह फाउंडेशनमधूनच परत जात असे. गिअरबॉक्सच्या बोल्टपासून चासीपर्यंत जाड विणलेली पट्टी टाकली, ४५० रुपये. रबर बसवणाऱ्याने ही आधीच टाकावी, नाहीतर दांडे आणि केबल जळतात.

२३ मार्च

सगळं जोडून पुन्हा पिळाची मांडणी, अंशाला न्यूटन-मीटरमध्ये :

उघडी चासी, नवे रिव्हेट – ८२
इंजिन, लोखंडी कंस – १०४
इंजिन, आधीच्या गॅरेजचे रबर – ८८
इंजिन, दुसरा नमुना – ९७
बॉडी आवळून – १७१

इंजिन हे या चासीचं चौथं क्रॉस मेंबर आहे, लोखंडावर असो की नीट केलेल्या रबरावर. लाकडी सांगाड्याची उघडी बॉडी एवढी भर घालेल असं वाटलं नव्हतं. बॉडीचे बोल्ट खालच्या पट्ट्यांसकट आवळताना दरवाज्यांच्या फटी बघत बघत आवळावे, शेवटी दरवाजा कापत बसू नये. आम्ही उजवीकडे मागे एक पातळ पट्टी वाढवली, बाकी चासी सरळ झाल्यामुळेच जागेवर आलं.

ठोकळ्याची चाचणी पुन्हा : मागचा उजवा दरवाजा २ मिमी उघडतो, ठोकळा काढला की पूर्ण मिटतो.

खर्च. गर्डर, पाइप, साखळ्या १४,००० (गर्डर पुन्हा वापरता येईल). रिव्हेट ५,५००. टांगता काटा ३,८००. दोन्ही साचे आणि रबर १७,०००, त्यातला पहिला साचा वाया. हाउसिंगच्या कानाचं निकेल रॉडने वेल्डिंग आणि मिलिंग ६,०००. बाकी किरकोळ २,५००. मजुरी वेगळी. पेटी करण्याच्या कामाचा आबांना मिळालेला अंदाज याहून जास्त होता.

२० एप्रिल

आबांनी गाडी पन्हाळ्याला नेऊन आणली, नंतर रोजची थोडी थोडी चालवली. आज परत तपासली. क्लच मऊ धरतो, घाटात पहिल्यातही दणका नाही. तारेवर झोल ०.२ मिमी. डाव्या कानाचा बोल्ट पाव आटा गेला, उजवा हललाही नाही. रबर २.१ वरून २.४ मिमीवर बसलं आहे. नवं रबर एवढं बसतं, ३च्या पुढे गेलं तर शिम टाकावा लागेल. रॉकेल-खडूत सगळे रिव्हेट कोरडे. मंद चाल ५५० फेऱ्यांवर ठेवली आहे, ४००च्या खाली आणली तर थरथर पुन्हा सुरू होते.

राहिलेलं काम : मागच्या पाट्याची शॅकल झिजली आहे, ती बदलायची. पिळाची मोजणी आणि रबराचं बसणं पावसाळ्यानंतर पुन्हा घेऊन इथेच लिहीन.